‘सिस्टीममध्ये तसंच दिसतंय’: कृत्रिम बुद्धिमत्ता, स्वायत्त यंत्रणा आणि कायदा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि बेलापूर येथील न्यायालयांत वकिली करताना गेल्या दोन-तीन वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की अशील खुर्चीत नीट बसण्यापूर्वीच ते आता ओळखता येते. ‘मॅडम, ते म्हणतात, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय.’ कोणाचे कर्ज नाकारलेले असते, कोणाला न केलेल्या गुन्ह्याचे चलान आलेले असते, कोणाचा डिलिव्हरीचा आयडी ब्लॉक झालेला असतो. समोर कोणीतरी माणूस बसलेला असतो, पण निर्णय आपला नसल्याचे तो सांगतो, आणि ज्या ‘सिस्टीम’चा निर्णय असतो तिला पत्र लिहिण्याची सोय नसते. गृहनिर्माण संस्थांच्या सभा, ज्येष्ठ नागरिक संघ आणि महाविद्यालये येथे या विषयावर बोलल्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते उत्तरांसह येथे दिले आहेत. उत्तरांत कायदा आहे आणि माझे मतही आहे. कोठे काय आहे ते वाचताना कळेल अशी काळजी घेतली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी (एआय) भारतात स्वतंत्र कायदा आहे का?

नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. स्वतंत्र कायद्याची तूर्त गरज नाही, अस्तित्वात असलेले कायदे लागू करावेत आणि उणिवा दिसतील तेथे दुरुस्त्या कराव्यात, अशी त्यांची एकंदर भूमिका आहे. त्यापूर्वी १ मार्च २०२४ रोजी याच मंत्रालयाने पुरेशा चाचण्या न झालेली एआयची मॉडेल्स लोकांपुढे आणण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी, असे सांगणारे सूचनापत्र काढले होते. त्यावर गदारोळ झाला आणि पंधरा दिवसांत ती अट मागे घेण्यात आली.

स्वतंत्र कायदा नाही म्हणजे मोकळे रान आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००, ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९, मोटार वाहन अधिनियम १९८८, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३, माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आणि भारतीय न्याय संहिता हे सगळे कायदे यंत्र वापरणाऱ्यालाही लागू आहेतच. अडचण निराळी आहे. हे कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कृती करणारा एक माणूस होता, आणि आज त्या माणसाच्या जागी पाच जणांची साखळी उभी आहे: मॉडेल बनवणारा, त्याला डेटा पुरवणारा, ते विकत घेऊन बसवणारा, त्याच्या निकालावर सही करणारा आणि देखभालीचे कंत्राट घेतलेला.

कायद्याच्या दृष्टीने ‘स्वायत्त’ कशाला म्हणायचे?

आपल्या इमारतीतील लिफ्ट स्वयंचलित आहे, पण स्वायत्त नाही. मुंबई इलाख्यात लिफ्टसाठी १९३९ सालीच कायदा झाला, आणि लिफ्टच्या मनात काय होते असा प्रश्न त्या कायद्याने कधीही विचारला नाही. परवाना कोणाचा, तपासणी केव्हा झाली आणि देखभाल कोणाकडे, एवढेच त्याने विचारले. हा फार शहाणा कायदा होता. लिफ्ट आज जशी वागते तशीच उद्या वागते, म्हणून वर्षातून एकदा निरीक्षक येऊन गेला तरी भागते.

डेटावरून शिकलेली यंत्रणा मात्र ज्या परिस्थितीत तपासली त्याहून वेगळ्या परिस्थितीत वेगळी वागू शकते, आणि ती कशी वागेल हे तिच्या निर्मात्यालाही आधी पूर्णपणे सांगता येत नाही. म्हणून माझ्या मते कायद्याने तंत्रज्ञानाच्या व्याख्येत फार अडकू नये. यंत्र केवळ सल्ला देते, स्वतः निर्णय घेते, की निर्णय घेऊन कृतीही करून मोकळे होते, आणि ती कृती मागे घेता येते की नाही, हे पाहावे. चित्रपट सुचवणारे ॲप आणि वाहनाचा ब्रेक दाबणारे सॉफ्टवेअर यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही.

यंत्राने चूक केली तर जबाबदार कोण?

ज्याने ते लोकांपुढे ठेवले, तो. निदान सुरुवात तेथून व्हावी.

कॅनडातील एक प्रकरण मी सभांमध्ये नेहमी सांगते, कारण त्यात रक्कम लहान आणि प्रश्न मोठा आहे. आजीच्या निधनामुळे तातडीने प्रवास करावा लागलेल्या एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला सवलतीविषयी विचारले. तिकीट आधी काढून सवलत नंतर मागता येईल, असे चॅटबॉटने सांगितले. कंपनीचा नियम याच्या उलट होता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा चॅटबॉट हा जणू स्वतंत्र घटक असून आपल्या बोलण्याला तो स्वतः जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि सुमारे ८०० कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. संकेतस्थळावरची प्रत्येक ओळ कंपनीचीच असते, मग ती साध्या पानावर असो की चॅटबॉटने लिहिलेली असो.

जीव जातो तेव्हा हे इतके सरळ राहत नाही. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पी शहरात सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उबरच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात असे आढळले की गाडीच्या यंत्रणेला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी इतर वस्तू, तर कधी सायकल ठरवत राहिली. मूळ गाडीतील आपत्कालीन ब्रेकची सोय संगणकाच्या ताब्यात असताना बंद ठेवलेली होती. आसनावर बसलेली चालक मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती. फौजदारी कारवाई झाली ती तिच्यावर. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन) मिळाली. कंपनीविरुद्ध फौजदारी खटल्यास आधार नसल्याचे सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगितले होते. ती चालक निष्काळजी नव्हती असे मी म्हणत नाही. पण ब्रेक बंद ठेवण्याचा निर्णय तिचा नव्हता, आणि साखळीतला सर्वांत स्वस्त माणूस तेवढा कायद्याच्या हाती लागला, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे यावर एक देशी उत्तर आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांना ते लगेच पटते. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये संपूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले: जो घातक उद्योग चालवून नफा कमावतो त्याने, पुरेशी काळजी घेतली होती की नव्हती याचा विचार न करता, होणाऱ्या हानीची भरपाई द्यावी. भोपाळला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. रबाळे, महापे, तुर्भे येथील रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने टाकीचा कोणता व्हॉल्व्ह का निकामी झाला हे सिद्ध करत बसावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही. त्याच महाप्यात आणि ऐरोलीत आता डेटा सेंटरे उभी आहेत. प्रत्येक सॉफ्टवेअरला वायूच्या टाकीचा न्याय लावावा असे माझे म्हणणे नाही. पण ज्या यंत्रणा वाहन चालवतात, औषधाची मात्रा ठरवतात किंवा अवजड यंत्रे हलवतात, त्यांना तो लावायला हरकत का असावी, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

यंत्रालाच कायदेशीर व्यक्ती मानले तर?

हा प्रश्न विधीच्या विद्यार्थ्यांचा आवडता आहे. आपल्याला त्याचे नवल वाटू नये, कारण आपल्याकडे देवसुद्धा कायदेशीर व्यक्ती आहे. देवस्थानाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव असते, देवाच्या वतीने दावा दाखल होतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, मूर्तीचे हे स्थान स्पष्ट केले होते. कंपनी ही तर रोजच्या व्यवहारातली अशी व्यक्ती आहे.

मात्र देवाच्या मागे वहिवाटदार असतो आणि मालमत्ता असते, कंपनीच्या मागे संचालक आणि भांडवल असते. यंत्राच्या मागे काय असेल? युरोपीय संसदेने २०१७ मधील एका ठरावात अत्यंत प्रगत यंत्रमानवांसाठी ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ या दर्जाचा विचार करावा असे सुचवले होते, तेव्हा अनेक तज्ज्ञांनी खुल्या पत्राने विरोध केला आणि पुढे ती कल्पना मागे पडली. मला तो विरोध योग्य वाटतो. खिशात दमडी नसलेल्या व्यक्तीला जबाबदार धरणे म्हणजे खऱ्या जबाबदाराला मागच्या दाराने सोडून देणे होय.

कॅमेऱ्याने पाठवलेले चुकीचे ई-चलान आले तर काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि याचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकते.

माझी पांढरी, बिनगिअरची स्कूटर नौपाड्यात इमारतीखाली उभी असताना तिच्या नावे तिहेरी प्रवासाचे चलान आले. चलानातील छायाचित्र मोठे करून पाहिले, तर त्यात काळी मोटारसायकल होती आणि तिच्यावर तिघे जण होते. नंबर प्लेट दिसत होती. तिच्यावरील इंग्रजी ‘3’ या आकड्याच्या डाव्या बाजूला, नेमका पोकळ जागेत, प्लेट बसवण्याचा स्क्रू होता आणि त्याच्याभोवती गंज पसरला होता. कॅमेऱ्याने त्या 3 चा 8 केला होता, आणि 8 असलेला क्रमांक माझा आहे. दोन सेकंद पाहणाऱ्या कोणाही माणसाच्या हे लक्षात आले असते. कार्यालयात गेले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी छायाचित्र न उघडताच तेच वाक्य सांगितले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ आले, आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ अ घालण्यात आला. यंत्रे स्वतःहून कायदा राबवतात तेव्हा काय असावे याचा हा देशातला एक बरा नमुना आहे. यंत्र अचूक आहे याचे प्रमाणपत्र राज्य शासनाने ठरवलेल्या प्राधिकाऱ्याने द्यावे व ते दरवर्षी नवे करावे. कॅमेरा असल्याची सूचना देणारे फलक ठळकपणे लावावेत. चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारे स्पष्ट छायाचित्र, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे. आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवावी. कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून बसवलेल्या इंटेलिजेंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीमच्या कॅमेऱ्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

म्हणून चलान चुकीचे असल्यास ते भरून टाकू नये. महाट्रॅफिक ॲपवर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवताना छायाचित्रातील विसंगती शब्दांत लिहावी, गाडीच्या नोंदणी पुस्तकाची प्रत आणि गाडीचे छायाचित्र जोडावे, आणि त्या दिवशीच्या त्या यंत्राच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी. लोकअदालतीत तडजोड करून रक्कम कमी करून घेण्याचा मोह होतो. पण तडजोड म्हणजे कबुलीच झाली, आणि गुन्हा केलेलाच नसेल तर निम्मे पैसे तरी का द्यायचे?

नुकसान झालेल्या माणसाने सिद्ध तरी काय आणि कसे करायचे?

माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म येथे आहे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार सामान्यतः तक्रारदारावर असतो. रस्त्यावर दोन वाहने धडकतात तेव्हा साक्षीदार असतात, टायरचे ओरखडे असतात, पंचनामा होतो. सॉफ्टवेअरच्या निर्णयाचा पंचनामा कसा करणार? त्या क्षणी यंत्रणेला काय दिसले, कोणती आवृत्ती चालू होती, निर्णय कोणत्या उंबरठ्यावर बदलला असता, ही सगळी माहिती प्रतिवादीच्या सर्व्हरवर असते, आणि कित्येकदा ती तीस किंवा नव्वद दिवसांनी आपोआप पुसली जाते. तक्रारदार नोटीस पाठवतो तोवर पुरावा गेलेला असतो, आणि तो कोणी मुद्दाम नष्ट केला असेही म्हणता येत नाही.

यावर नवी जादू शोधण्याची गरज नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ चे कलम १०९ सांगते की एखादी गोष्ट विशेषत्वाने ज्याला माहीत आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. जुन्या पुरावा कायद्यातील कलम १०६ हेच होते. याच अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य (नोंदीवरून गणिताने काढलेला ठसा) लिहावे लागते, ज्यामुळे नोंदीत नंतर फेरफार झाला तर तो उघड होतो. या दोन कलमांच्या पायावर एक साधा नियम उभा करता येईल: जो स्वायत्त यंत्रणा बसवतो त्याने तिच्या निर्णयांची नोंद ठरावीक काळ ठेवली पाहिजे, वाद उद्भवल्यास ती तक्रारदाराला दिली पाहिजे, आणि नोंद नसेल तर यंत्रणा चुकली असेच न्यायालयाने गृहीत धरले पाहिजे. मोठ्या प्रवासी विमानात ब्लॅक बॉक्स नसेल तर ते उडू देत नाहीत. निर्णय घेणाऱ्या यंत्रणेकडून याहून वेगळी अपेक्षा का ठेवावी?

तोपर्यंत प्रत्येकाने एक करावे: घटना घडल्यापासून आठवड्याच्या आत, वकिलामार्फत किंवा स्वतः, ‘या तारखेच्या या व्यवहाराची सर्व नोंद जतन करून ठेवावी’ असे एका ओळीचे पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावे. त्यानंतर नोंद पुसली गेली तर तिचे स्पष्टीकरण देणे समोरच्याला जड जाते.

यंत्राच्या निर्णयाचे कारण मागण्याचा हक्क आपल्याला आहे का?

सरकारी निर्णय असेल तर आहे, आणि तो वापरला जात नाही याचे मला वाईट वाटते. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(घ) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय किंवा न्यायिकवत निर्णयांची कारणे बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत. निर्णय संगणकाने केला असेल तर कारण देण्यातून सूट आहे, असे कोठेही लिहिलेले नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. व्यापारी गुपिताचे कारण पुढे करून सॉफ्टवेअरची माहिती नाकारली जाऊ शकते. म्हणून अर्जात सॉफ्टवेअर कसे चालते हे न विचारता ‘माझा अर्ज कोणत्या निकषावर नामंजूर झाला’ असे विचारावे.

खासगी बँक किंवा कर्ज देणारे ॲप असेल तर बाजू लंगडी पडते. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमावलीच्या अनुच्छेद २२ मध्ये केवळ यंत्राने घेतलेल्या महत्त्वाच्या निर्णयांविरुद्ध हक्क दिलेला आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने जर्मनीतील एका पतमापन संस्थेच्या प्रकरणात, कर्ज देणारा त्या गुणांवरच मुख्यतः विसंबत असेल तर गुण देणे हाच निर्णय ठरतो, असे म्हटले. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण अधिनियमात असा हक्क नाही. कलम ८(३) मध्ये एवढेच आहे की व्यक्तीवर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी वापरला जाणारा डेटा पूर्ण, अचूक आणि सुसंगत असावा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य कर्तव्ये लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, मात्र तो सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तीय क्षेत्रातील एआयविषयी अहवाल दिला आहे. त्या शिफारशी बंधनकारक होईपर्यंत पतगुणांचा अहवाल मागवून त्यातील चुका लेखी कळवणे एवढेच ग्राहकाच्या हातात आहे.

ग्राहक आयोगाकडे जाता येईल का?

पैसे देऊन घेतलेली सेवा असेल तर येईल. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोग आहे. अडचण ‘उत्पादना’च्या व्याख्येची आहे: २०१९ च्या अधिनियमात उत्पादन वायू, द्रव किंवा घन अवस्थेत असू शकते असे म्हटले आहे, आणि सॉफ्टवेअर यांपैकी कशात बसते हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकालाही सांगता येणार नाही. म्हणून तक्रार सदोष उत्पादनाऐवजी सेवेतील त्रुटीच्या अंगाने मांडावी. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या उत्पादन दायित्व निर्देशात सॉफ्टवेअर हे उत्पादन आहे असे सरळ लिहून टाकले. आपल्याकडेही त्यासाठी एका ओळीची दुरुस्ती पुरेल.

आमच्या सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारे यंत्र बसवायचे आहे. बसवावे का?

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत बहुतेक मोठ्या संकुलांत हा ठराव येऊन गेला आहे. ठराव करणाऱ्यांत ज्यांचे चेहरे रोज तपासले जाणार असतात ते सहसा नसतात. एका संकुलात घरकाम करणाऱ्या मावशींना पावसाळ्यात सकाळी सात वाजता गेटवर थांबून राहावे लागल्याचे मी पाहिले आहे. डोक्यावर प्लास्टिकची इरली, चेहऱ्यावर पाणी, आणि वॉचमनच्या हातातील टॅबलेट पुन्हा पुन्हा लाल होत होता. वॉचमन त्यांना सहा वर्षे ओळखत होता. ‘मी सोडलं तर मला बोलतील,’ असे तो म्हणाला. माणसाची ओळख खोटी ठरली आणि टॅबलेटची खरी.

कायद्याच्या अंगाने पाहता, संस्था हा डेटा गोळा करते म्हणून तिच्यावर जबाबदारी येते. ॲप दुसऱ्याचे आहे हे सांगून ती टळत नाही. संमती खरोखर ऐच्छिक असायला हवी, आणि ‘चेहरा द्या नाहीतर कामावर येऊ नका’ ही संमती ऐच्छिक म्हणता येणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो घरकामगारांनाही आहे. बसवायचेच असेल तर कार्डाचा किंवा नोंदवहीचा पर्याय कायम ठेवावा, काम सोडून गेलेल्यांचे चेहरे पुसून टाकण्याची मुदत ठरावात लिहावी, आणि वॉचमनला यंत्राविरुद्ध निर्णय घेण्याचा अधिकार लेखी द्यावा. हा शेवटचा मुद्दा ठरावांत मी अजून कोठे वाचलेला नाही.

माझा डिलिव्हरीचा आयडी ब्लॉक झाला आहे. दाद कोठे मागायची?

येथे महाराष्ट्रात कायद्याचा हात तोकडा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यात प्लॅटफॉर्म कामगारांचा उल्लेख आहे, पण तो कल्याणकारी योजनांपुरता. कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात कामाचे वाटप आणि मूल्यमापन करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांची माहिती कामगाराला देणे बंधनकारक केले आणि काम थांबवण्यापूर्वी सूचना देण्याची अट घातली. कोपरखैरणे किंवा कळव्यातील मुलाने चार रेटिंगखाली घसरल्यामुळे रात्रीतून रोजगार गमावावा आणि त्याने विचारणा केल्यावर पुन्हा चॅटबॉटनेच उत्तर द्यावे, हे येथील विधिमंडळाला चालत असेल असे वाटत नाही. तूर्त करारातील तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज आणि पडद्याच्या छायाचित्रांचा साठा, एवढी साधने आहेत.

पाम बीच रोडवर विनाचालक गाड्या केव्हा दिसतील?

लवकर नाही. मोटार वाहन अधिनियम चालकाच्या परवान्यापासूनच सुरू होतो, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन अशा गाड्यांना परवानगी न देण्याची भूमिका एकाहून अधिक वेळा मांडली आहे. रुळांवर गोष्ट वेगळी आहे: दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी विनाचालक गाडी सुरू झाली, आणि त्यासाठी आधी मेट्रो रेल्वेचे सर्वसाधारण नियम बदलावे लागले.

नव्या गाड्यांत लेन सांभाळणारी आणि स्वतः ब्रेक लावणारी जी साहाय्यक यंत्रणा येते, ती चालू असतानाही कायद्याने चालक आपणच असतो. ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात एक व्यवहार्य तोड काढली: गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी आणि नंतर निर्मात्याकडून वसूल करायची की नाही ते पाहावे. आपल्या अधिनियमाच्या कलम १६४ मध्ये दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची भरपाई आहेच. पाया तयार आहे, रक्कम मात्र अपुरी आहे.

ड्रोनसाठी काय नियम आहेत?

ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर त्रयस्थ विमा लागतो, आणि त्यासाठी मोटार वाहन अधिनियमातील तरतुदीच उसन्या घेतल्या आहेत. विमानतळाच्या परिघापासून १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून उलवे, पनवेल, बेलापूर येथील हौशी मंडळींनी लग्नाचे चित्रीकरण करण्यापूर्वी डिजिटल स्काय मंचावरील नकाशा अवश्य पाहावा.

माझ्या आवाजाची किंवा चेहऱ्याची नक्कल झाली तर?

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंह यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. नामवंतांना आवाजाचे मूल्य सिद्ध करता येते. आपल्यासारख्यांनी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ६६ क, ६६ ड आणि ६६ इ यांखाली तक्रार करावी. पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर, तोही तासाभरात.

आमची कंपनी ऐरोलीत आहे. युरोपच्या कायद्याशी आमचा काय संबंध?

आपल्या सॉफ्टवेअरचा निकाल युरोपात वापरला जात असेल तर थेट संबंध आहे. तेथील एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. नागरिकांना सामाजिक गुण देणे किंवा कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणे यांसारखे प्रकार २ फेब्रुवारी २०२५ पासून निषिद्ध आहेत; उल्लंघनाचा दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या सात टक्के, यांपैकी जो जास्त असेल तो. नोकरभरतीची यंत्रणा उच्च जोखमीत मोडते. करारात ‘सर्व दायित्व पुरवठादाराचे’ असे कलम ग्राहकाने घातले असेल तर सही करण्यापूर्वी ते वकिलाला दाखवावे, एवढेच येथे सांगते.

पोलीस आणि न्यायालये स्वतः एआय वापरतात का?

वापरतात. राज्याने पोलिसांसाठी २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. सर्वोच्च न्यायालयाचे ‘सुवास’ हे साधन निकालांचे मराठीसह भारतीय भाषांत भाषांतर करते. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून निष्कर्ष किंवा निकाल ठरवण्यासाठी एआय वापरण्यास मनाई केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्राप्तिकर प्रकरणात आकारणीचा आदेश अस्तित्वातच नसलेल्या निकालांवर उभा होता. न्यायालयाने तो रद्द केला आणि असे संदर्भ पडताळल्याशिवाय वापरू नयेत असे बजावले.

शासनाने काय टाळावे हे नेदरलँड्समध्ये दिसले. बालसंगोपन अनुदानातील गैरप्रकार शोधणाऱ्या यंत्रणेने हजारो कुटुंबांना फसवे ठरवले, परकीय नागरिकत्व हा जोखमीचा निकष धरला गेला, लोक कर्जबाजारी झाले, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारने राजीनामा दिला. त्या कुटुंबांनाही वर्षानुवर्षे कार्यालयांतून धड कारण सांगितले गेले नव्हते.

आपल्या स्वतःच्या चलानाचे पुढे काय झाले?

तक्रार केल्यावर साडेतीन महिन्यांनी ते यादीतून नाहीसे झाले. चूक कोणाची, यंत्र तपासले का, आणि आकडा असा चुकीचा वाचल्यामुळे आणखी किती गाड्यांना चलाने गेली, हे विचारणारा अर्ज मी माहितीच्या अधिकारात केला. उत्तर आले ते असे: ‘सदर चलान प्रणालीमध्ये आढळून येत नाही.’ पहिले अपील दाखल केले आहे.